वऱ्हाडचें कागदी राज्य

कल्पित राज्यांचीं वर्णनें वाचण्याची आवड लहानथोरांस सारखीच असते. ग्रंथकार न झालेल्या एखाद्या देशाचा नकाशा काढतो, तेथील नद्यांस व डोंगरांस नांवें देतो, राजघराण्याची वंशावळ रचतो, कारभाराची घडी बसवितो. आणि हें सर्व लटकें आहे हें ठाऊक असूनहि वाचक त्या देशाच्या सुखदुःखांत रमून जातो. आमच्या वऱ्हाडचा अर्वाचीन इतिहास चाळतांना आम्हांस पुष्कळदां असें वाटलें आहे कीं, असले ग्रंथ रचणाऱ्यांस फार दूर जाण्याचें कारण नव्हतें. येथें नद्या खऱ्या, डोंगर खरे, कापूस खरा, सारा भरणारा कुणबी तर फारच खरा. कल्पित होतें तें राज्यच. इ. स. १८५३ पासून पुढें जवळजवळ ९५ वर्षें या मुलखाचा धनी म्हणून ज्याचें नांव कागदोपत्रीं होतें त्याचा हुकूम येथें चालत नसे. आणि ज्याचा हुकूम चालत असे तो, ही भूमि आपली नव्हे, असें स्वतःच लिहून देत असे.

प्रथम या राज्याचा भूगोल. उत्तरेस सातपुड्याची गाविलगडची रांग व तिच्या पोटांतला मेळघाट, दक्षिणेस अजिंठ्याच्या डोंगरांवरचा बालाघाट व त्यापलीकडे पैनगंगा, पूर्वेस वर्धा, पश्चिमेस खानदेशची शीव. दोहों डोंगरांच्या मध्यें पूर्णा नदीचें सपाट खोरें पसरलें आहे, त्यास पयानघाट म्हणतात. अमरावती व अकोला हीं दोन्ही शहरें याच पयानघाटांत. जमीन काळीभोर व खोल. विहिरींचें पाणी मात्र खारपाणपट्ट्यांत इतकें मचूळ कीं, पायाखालीं पाणी असून मनुष्यानें पावसाकडे तोंड करून बसावें. तथापि 'वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड' ही म्हण याच मातीनें मिळविली. अशा ठसठशीत सीमा कादंबरीकारानें आंखल्या असत्या तर वाचकांनीं त्या जरा अधिकच सोईच्या म्हटल्या असत्या. उणीव एकच, राजधानीची. जुनी राजधानी अचलपूर, म्हणजे मुसलमानी अमदानींतलें एलिचपूर, मागें पडली होती. आणि १८५३ नंतर या देशाचे हुकूम आधीं हैदराबादच्या रेसिडेंसींतून व १९०३ नंतर नागपुराहून सुटूं लागले. अमरावतीस कमिशनर राही, राजा राहत नसे.

काव्यांतील व दंतकथांतील राजांची मात्र येथें वाण नाहीं. वर्धेच्या कांठचें कौंडिण्यपूर ही भीष्मकाची राजधानी. रुक्मिणीचें हरण अमरावतीच्या अंबादेवीच्या देवळांतून झालें अशी श्रद्धा आहे, आणि तिच्या लग्नाच्या वऱ्हाडावरूनच देशास वऱ्हाड नांव पडलें अशी लोकांची व्युत्पत्ति आहे. भाषाशास्त्री ती मान्य करोत वा न करोत, ती मोडण्याची आम्हांस हौस नाहीं. अचलपूर वसविणाऱ्या ईल राजाची कथाहि अशीच. त्याच्याशीं लढण्यासाठीं दुल्हा रहमानशहा लग्नाच्या मांडवांतून उठून आला असें सांगतात, आणि त्या दुल्ह्याचा दर्गा अचलपुरास अद्याप आहे. पण सर्वांत लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट कालिदासाची. 'मालविकाग्निमित्रा'च्या अखेरीस अग्निमित्र विदर्भाचे दोन भाग करतो आणि वरदेच्या एका तीरावर यज्ञसेन व दुसऱ्या तीरावर माधवसेन असे दोन राजे बसवितो. वरदा म्हणजे आमची वर्धा. देश एक, राजे दोन, आणि वांटणी करणारा तिसराच, ही रचना नाटकांत गोड शेवट म्हणून शोभते. इतिहासानें तीच पुढें पुन्हां पुन्हां गिरविली.

वऱ्हाडचा राजा वऱ्हाडांतच राहत होता असा काळ म्हटला म्हणजे इमादशाहीचा. बहामनी राज्य मोडत असतां १४९० च्या सुमारास फत्तेउल्ला इमादउल्मुल्क स्वतंत्र झाला. हा मूळचा विजयनगरकडील ब्राह्मणाचा मुलगा होता असें फेरिस्ता लिहितो. १५७४ त अहमदनगरच्या निजामशाहीनें हें राज्य गिळलें, १५९६ त चांदबीबीनें तें अकबराच्या हवालीं केलें. पुढें १७२४ त साखरखेर्ड्याच्या लढाईंत निजामउल्मुल्कानें मुबारिझखानास मारलें, आणि दख्खनच्या सुभ्याबरोबर वऱ्हाडहि आसफजाही घराण्याकडे आलें. तेंहि निर्वेध आलें नाहींच. नागपूरकर भोसले चौथ, सरदेशमुखी व घासदाणा वसूल करीतच होते. एकाच परगण्यांत निजामाचा अंमलदार व भोसल्यांचा कमाविसदार असे दोघे बसत. या दुअंमलींत रयतेस कोणाचा कौल खरा मानावा हें कळत नसे. १८०३ च्या युद्धांत २९ नोव्हेंबरास अडगांवची लढाई झाली, १५ डिसेंबरास आर्थर वेलस्लीच्या फौजेनें गाविलगड घेतला, आणि दोनच दिवसांनीं झालेल्या देवगांवच्या तहानें भोसल्यांनीं वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख सोडला. गाविलगड व नरनाळा हे किल्ले तेवढे त्यांच्याकडे राहिले. सुटलेला मुलूख इंग्रजांनीं निजामास दिला. वर्धा पुन्हां दोन राज्यांची शीव झाली.

यानंतरच्या ५० वर्षांची हकीकत कर्जाची आहे. इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची, पण निजामाच्या पैशावर पोसलेली 'कंटिंजंट' नांवाची फौज हैदराबादेच्या गळ्यांत पडली. तिच्या पगारासाठीं पामर आणि कंपनीसारख्या पेढ्यांकडून जबर व्याजानें पैसा उचलला गेला. पगार थकला म्हणजे कंपनी सरकार आपल्या पदरचा पैसा घाली आणि तें कर्ज निजामाच्या नांवें मांडी. फौज ठेवणारा, तिचा खर्च ठरविणारा आणि कर्जाचा हिशेब लिहिणारा एकच असल्यावर फेड कधीं व्हावयाची? मे १८५३ मध्यें डलहौसीनें तगादा लावून नवा तह करविला. त्या अन्वयें वऱ्हाड, धाराशिव व रायचूर दुआब हे प्रांत फौजेच्या खर्चासाठीं इंग्रजांच्या कारभारांत गेले. सत्ता निजामाची, कारभार कंपनीचा, आणि खर्च वजा जातां उरेल ती शिल्लक निजामाची. तह झाल्यावर थोड्याच दिवसांत दिवाण सिराजउल्मुल्क वारला व त्याचा पुतण्या सालारजंग दिवाणगिरीवर आला. १८५७ च्या बंडांत हैदराबाद इंग्रजांच्या बाजूस राहिलें, म्हणून १८६० त धाराशिव व रायचूर परत मिळाले आणि ५० लाखांचें कर्ज माफ झालें. वऱ्हाड मात्र परत मिळालें नाहीं.

तें कां मिळालें नाहीं याचें उत्तर आमच्या मतें तहनाम्यांपेक्षां पयानघाटच्या मातींत अधिक सांपडतें. लवकरच अमेरिकेंतलें यादवी युद्ध सुरू झालें, मँचेस्टरच्या गिरण्यांस कापूस मिळेना, आणि खामगांव, अकोला, अमरावती या बाजारांकडे विलायतेचें लक्ष लागलें. आगगाडी आली, गांठी बांधण्याचे कारखाने उठले, जमिनींची मोजणी होऊन सारा ठरला. ज्याच्यापासून असें पीक निघतें तें गहाण शेत सावकार सुखासुखीं सोडील काय? सालारजंगानें तें सोडविण्यासाठीं आयुष्य वेंचलें. १८७६ त तो खुद्द विलायतेस जाऊन आला. त्याचा सन्मान झाला. वऱ्हाडाविषयीं नकारच मिळाला. शिलकीचा हिशेब हाहि वादाचा विषय होता. कारभाराचा खर्च फुगवून आमची शिल्लक खाल्ली जाते, अशी हैदराबादची तक्रार असे. वऱ्हाडच्या शेतकऱ्याची तक्रार कोणत्या दप्तरांत नोंदवावी हें तर ठरलेलेंच नव्हतें.

१८९९–१९०० च्या दुष्काळानें शिल्लक उरण्याची आशा नाहींशी केली. ही संधि कर्झननें साधली. १९०२ त तो स्वतः हैदराबादेस गेला, मीर महबूबअलीखानास एकांतांत भेटला, आणि त्याच वर्षीं ५ नोव्हेंबरास करार झाला: वऱ्हाड कायमच्या पट्ट्यानें इंग्रज सरकारकडे, आणि दरसाल २५ लाख रुपये भाडें निजामास. सत्ता मात्र निजामाचीच, असें या करारांतहि नमूद आहे! पुढें निजामास जी. सी. बी. हा किताब मिळाला, तेव्हां त्या तीन अक्षरांचा अर्थ 'गेव्ह कर्झन बेरार' असा असल्याचा विनोद निघाला. विनोद निजामावर होता, पण भाड्यानें दिलेल्या घरांत राहत होतों आम्ही वऱ्हाडी.

या स्थितीचा परिणाम केवळ शाब्दिक होता असें कोणीं समजूं नये. कायद्याच्या दृष्टीनें वऱ्हाड हा 'ब्रिटिश हिंदुस्थान' नव्हेच. १८९७ त अमरावतीस शंकरन् नायर यांच्या अध्यक्षतेखालीं राष्ट्रीय सभेचें अधिवेशन भरलें, तें काटेकोर बोलावयाचें तर निजामाच्या भूमींत. १९२३ त अमरावतीस कॉलेज निघालें, त्यास एडवर्ड बादशहाचें नांव. तो वऱ्हाडचा राजा कधींच नव्हता. १९०३ त कारभार मध्यप्रांताशीं जोडला, तरी नागपुरास झालेला कायदा आपोआप वऱ्हाडांत लागूं होत नसे. परकीय मुलखांतील अधिकार या सदराखालीं तो निराळा लावून घ्यावा लागे. १९१९ च्या सुधारणांनंतर तर मोठीच मौज झाली. वऱ्हाडचे मतदार इतरांसारखेंच मत देत, उमेदवार इतरांसारखाच निवडून येई. पण परमुलखाचा प्रतिनिधि कायदेमंडळांत 'निवडलेला' म्हणून कसा बसावा? म्हणून सरकार त्यास 'नेमलेला' सभासद करून घेई. आमच्याकडे दादासाहेब खापर्ड्यांस लोक कौतुकानें 'वऱ्हाडचे नबाब' म्हणत. त्या पदवीस सनद नव्हती, पण ती वऱ्हाडच्या माणसांनीं दिलेली होती; दुसऱ्या कोणत्याहि नबाबास हें म्हणतां आलें नसतें.

१९२३ च्या ऑक्टोबरांत निजाम मीर उस्मानअलीखान यांनीं वऱ्हाड परत मागितलें, आणि मिळाल्यास वऱ्हाडास अंतर्गत स्वायत्तता देऊं असें आश्वासनहि दिलें. वऱ्हाडांत या आश्वासनाचा उत्साह कोणास वाटला नाहीं, उलट विरोधाच्या सभा झाल्या; जी वस्तु हैदराबादच्या प्रजेस घरीं मिळत नाहीं ती आम्हांस परक्या घरीं कशी मिळेल, हा साधा हिशेब होता. मात्र इंग्रजांचा कारभार आम्हांस गोड वाटत होता म्हणून हा विरोध झाला असेंहि नव्हे. वऱ्हाडचा वसूल मध्यप्रांताची तूट भरण्यांत जातो ही तक्रार त्याच काळीं कौन्सिलांत सतत चालू होती. एकाकडे भाडें, दुसऱ्याकडे शिल्लक, आणि पिकविणारा कोरडा! व्हाइसरॉय रेडिंग यानें २७ मार्च १९२६ च्या पत्रानें निजामाची मागणी फेटाळली. बादशाही सत्ता हिंदुस्थानांत सर्वश्रेष्ठ असून कोणताहि संस्थानिक तिच्याशीं बरोबरीच्या नात्यानें वाद करूं शकत नाहीं, असें त्यानें त्यांत बजावलें. हें पत्र संस्थानी राजकारणाच्या अभ्यासकांच्या नित्य वाचनांतलें झालें. ज्या मुलखावरून तें लिहिलें गेलें त्यांतल्या लोकांस काय हवें, हा त्या वादाचा मुद्दाच नव्हता.

आणि मग या राज्यास युवराज मिळाला. १९३५ च्या कायद्यानें वऱ्हाड व मध्यप्रांत यांचा कारभार एकच धरला; त्यास निजामाची संमति हवी, म्हणून २४ ऑक्टोबर १९३६ रोजीं पुन्हां करार झाला. निजामाची सत्ता पुन्हां मान्य झाली, २५ लाख चालू राहिले, वऱ्हाडांत इंग्रजी निशाणाबरोबर निजामाचें निशाण लावण्याची व येथें दरबार भरविण्याची मुभा मिळाली, आणि निजामाच्या वडील मुलास, आझमजाह यांस, 'हिज हायनेस दि प्रिन्स ऑफ बेरार' ही पदवी मिळाली. इंग्लंडच्या युवराजास वेल्सचें नांव असतें त्या धर्तीवर हें नांव होतें. आझमजाहांचा विवाह १९३१ त फ्रान्सांतील नीस शहरीं, पदच्युत झालेले अखेरचे खलिफा अब्दुल मजीद यांच्या कन्येशीं, दुर्रुशेहवार यांच्याशीं झाला होता. म्हणजे ज्यांची खिलाफत उरली नव्हती त्यांची कन्या, ज्यांचें राज्य वऱ्हाडांत चालत नव्हतें त्यांच्या घरीं आली, आणि वऱ्हाडची युवराज्ञी झाली. आमच्या पोथ्यांतलीं लग्नेंहि इतकीं दूरचीं नाहींत.

१९४७ च्या ऑगस्टांत इंग्रज जाण्यास आठवडाच उरला असतां, ८ तारखेस अकोल्यास एक बैठक झाली. शंकरराव देव, धनंजयराव गाडगीळ, ब्रिजलाल बियाणी, पंजाबराव देशमुख इत्यादि मंडळींनीं तेथें संयुक्त महाराष्ट्र व त्यांतील महाविदर्भाचें स्थान यांविषयीं करार केला. पुढें तो जसाच्या तसा अमलांत आला नाहीं, आणि त्यावरचा वाद तर अद्याप मिटलेला नाहीं. पण १८०३, १८५३, १९०२, १९२६, १९३६ हे सारे कागद ओळीनें वाचून अकोल्याच्या कागदाशीं येणाऱ्यास त्याचें वेगळेपण चटकन् दिसेल. त्यावर निजामाची सही नव्हती, इंग्रजाची नव्हती, आणि ज्या मुलखाविषयीं तो होता त्यांतलींच माणसें तो लिहावयास बसलीं होतीं.

सप्टेंबर १९४८ मध्यें हिंदी फौजा हैदराबादेंत शिरल्या आणि चार-पांच दिवसांत निजामाचें राज्य संपलें. १९५० च्या घटनेंत वऱ्हाड हा मध्यप्रदेशाचा साधा भाग झाला, १९५६ त मुंबई राज्यांत व १९६० त महाराष्ट्रांत आला. भाड्याचा व धन्याचा प्रश्न कोणीं पुन्हां काढला नाहीं. युवराजाचें पुढें काय झालें हें सांगावयाचें राहिलें. १९६७ त उस्मानअलीखान वारले, तेव्हां वारसा मुलास डावलून नातू मुकर्रमजाह यांच्याकडे गेला. त्यामुळें आझमजाहांस वऱ्हाड तर नाहींच, हैदराबादची नांवाची गादीहि मिळाली नाहीं. १९७० त ते वारले. दुर्रुशेहवार लंडनांत २००६ पर्यंत होत्या. वऱ्हाडचें राज्य संपून अठ्ठावन वर्षें झालीं होतीं, तरी त्यांच्या निधनाच्या वार्तेंतहि त्यांचा उल्लेख 'प्रिन्सेस ऑफ बेरार' असाच आला.