बाराखडीत लिहिलेला घोडा

१/ नांदेड किंवा लातूरच्या बुद्धिबळ स्पर्धेत प्रथमच उतरणाऱ्या मुलाला खेळासोबत आणखी एक विद्या शिकावी लागते : चाल लिहिण्याची. उभ्या आठ पट्ट्यांना ए ते एच ही अक्षरे, आडव्या आठ रांगांना १ ते ८ हे आकडे. दोन्ही जुळले की ६४ घरांपैकी प्रत्येकाला स्वतःचे नाव मिळते. ही रीत परदेशी वाटते. तिच्यामागची कल्पना मात्र या भूमीला परकी नाही.

२/ बाराव्या शतकात हा प्रदेश कल्याणीच्या चालुक्यांच्या सत्तेखाली होता. देगलूरजवळच्या होट्टलची मंदिरे त्याच काळाची साक्ष देतात. त्यांची राजधानी कल्याणी म्हणजे आजचे बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण. १९५६ पर्यंत उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुकेही बिदर जिल्ह्यातच होते.

३/ या घराण्यातील राजा तिसरा सोमेश्वर याने ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. राज्यकारभारापासून पाककलेपर्यंतच्या शंभर प्रकरणांत बुद्धिबळालाही स्थान आहे. घोड्याने प्रत्येक घराला एकदाच स्पर्श करत सारा पट कसा फिरावा, याचा मार्ग त्यात सांगितला आहे.

४/ पण घरे ओळखायची कशी? एका दिशेला व्यंजने, दुसऱ्या दिशेला स्वर. दोन्ही मिळून होणारे अक्षर म्हणजे त्या घराचे नाव. आपली बाराखडी हाच तर तक्ता! आज ‘एफ३’ लिहिणारे मूल नेमके हेच करते. फक्त स्वराच्या जागी आकडा आला आहे.

५/ मूळ पैठणच्या, पुढे काशीत स्थिरावलेल्या भट्ट घराण्यातील नीलकंठ भट्टांनी सतराव्या शतकात ‘भगवंतभास्करा’त घोड्याचे असे मार्ग श्लोकबद्ध केले. त्यांचा घोडा ६४ घरे फिरून आरंभाच्या घरापासून एका उडीवर येतो. गणितज्ञ ऑयलरने याच प्रश्नावर निबंध लिहिला तो १७५९ मध्ये.

६/ मग आपल्याकडचे जुने डाव कुठे आहेत? इथेच खरी उणीव दिसते. पटावरची कोडी लिहिली गेली, घोड्याचे मार्ग लिहिले गेले. त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचा १८१४ मध्ये मुंबईत इंग्रजीत छापलेला ग्रंथही प्रामुख्याने अशा स्थितींचाच. वाड्यावाड्यांतून रंगलेले डाव मात्र सोंगट्या आवरताच संपले.

७/ एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कलकत्त्यात महेशचंद्र बॅनर्जी हे जॉन कोक्रेन या बॅरिस्टरशी खेळत. कोक्रेनने ते डाव नोंदवून प्रसिद्धीस दिले, म्हणून बॅनर्जी आज जगाला ठाऊक आहेत. ‘इंडियन डिफेन्स’ या नावाचे मूळही त्याच डावांत सांगितले जाते. खेळ बॅनर्जींचा, तो टिकला दुसऱ्याच्या लेखणीमुळे.

८/ इंग्रजांनी आणलेल्या जुन्या वर्णनात्मक पद्धतीत एकाच घराला दोन नावे असत : पांढऱ्याचे ‘किंग फोर’ ते काळ्याचे ‘किंग फाइव्ह’. अलेप्पोच्या फिलिप स्टामाने १७३७ मध्ये पॅरिसला छापलेल्या पुस्तकात अक्षर-आकड्यांची रीत वापरली होती. जागतिक संघटना ‘फिडे’ने १९८१ पासून केवळ याच बैजिक पद्धतीला मान्यता दिली.

९/ नवशिक्याची नेहमीची चूक काळ्या सोंगट्या घेतल्यावर होते : तो रांगा आपल्या बाजूने मोजतो. मोजणी नेहमी पांढऱ्याच्या बाजूनेच होते. प्याद्याला अक्षर नसते, फक्त घर लिहायचे. मारले तर फुली, शह दिला तर अधिक. आधी चाल करायची, मग नोंद. तीच स्थिती तिसऱ्यांदा आल्याचा दावा करून बरोबरी मागताना हाच कागद पुरावा ठरतो.

१०/ आणि एक सवलत फारशी कुणाला ठाऊक नसते : सोंगटीचे आद्याक्षर खेळाडूच्या स्वतःच्या भाषेतले चालते. राजा ‘रा’, वजीर ‘व’, हत्ती ‘ह’, उंट ‘उं’, घोडा ‘घो’.

१. ई४ ई५
२. घो एफ३ घो सी६

११/ सोमेश्वराच्या घोड्याचा मार्ग नऊशे वर्षांनंतरही पटावर चालून पाहता येतो, कारण तो लिहिला गेला. त्याच्या दरबारात खेळला गेलेला एकही डाव आज मांडता येत नाही. लातूरच्या एखाद्या शाळकरी मुलीने काल हरलेला डाव मात्र तिच्या नोंदीवरून कधीही पुन्हा मांडता येईल. त्यासाठी तिला कोणा कोक्रेनची वाट पाहावी लागत नाही.