ग्रामीण रस्ते : सार्वजनिक दर्जा व नोंद (महाराष्ट्र)

एखादी वाट सार्वजनिक आहे, म्हणजे ती कोणाही खातेदाराला नांगरून टाकता येत नाही की कुंपण घालून अडविता येत नाही, ही गोष्ट महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत तीन आधारांवरून ठरते : भूमापनाचा गावनकाशा, जिल्हा परिषदेच्या दप्तरातील रस्त्यांची यादी आणि या दोहोंत उल्लेख नसल्यास जुनी वहिवाट.

यांपैकी नकाशाचा आधार सर्वांत जुना व बळकट होय. गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी 1835-36 च्या सुमारास इंदापूर तालुक्यात जी पद्धत घालून दिली, तिला अनुसरून मुंबई इलाख्यातील शेते 33 फुटी साखळीने मोजली गेली. त्या मोजणीच्या नकाशांत गाडीमार्ग तुटक दुहेरी रेषेने व पायमार्ग तुटक एकेरी रेषेने दाखविलेले आढळतात. गाडीमार्गाची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट आणि पायमार्गाची सव्वाआठ फूट धरतात. साखळीचे सोळा आणे कल्पिले, तर साडेसोळा फूट म्हणजे आठ आणे व सव्वाआठ फूट म्हणजे चार आणे, इतका या मापांचा त्या मोजणीशी निकटचा संबंध आहे. अशा मार्गाखालील क्षेत्र त्या त्या भूमापन क्रमांकाच्या पोटखराब्यात दाखल असते व त्यावर आकारणी नसते. सबब सातबारा खातेदाराच्या नावे असला, तरी वाट बंद करण्याचा अधिकार त्याला पोहोचत नाही. जे सार्वजनिक रस्ते व वाटा कोणाच्या खाजगी मालकीच्या नाहीत, ते महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 20 अन्वये शासनाकडे निहित आहेत.

दुसरा आधार जिल्हा परिषदेच्या यादीचा. 1943 च्या नागपूर योजनेने रस्त्यांची प्रतवारी लावली. तिच्यातील इतर जिल्हा मार्ग व ग्रामीण मार्ग या शेवटच्या दोन वर्गांची देखभाल प्रामुख्याने जिल्हा परिषद करते, आणि त्यांना क्रमांक मिळतो. गावठाणातील रस्त्यांवरचे अडथळे दूर करण्याचा अधिकार 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमान्वये पंचायतीस आहे.

परंतु ज्या वाटेने शेतकरी पेरणीचे बी नेतो आणि सुगीचा माल घरी आणतो, ती शेतवाट बहुधा ना नकाशात असते ना यादीत, आणि या व्यवस्थेतील सर्वांत मोठे न्यून हेच आहे. विदर्भात वाजिब-उल-अर्ज या गावच्या नोंदपत्रकात वहिवाटीच्या हक्कांची नोंद करण्याची तरतूद असल्याने तेथे निदान एक लेखी आधार सापडू शकतो. अन्यत्र पंचनामा व शेजाऱ्यांच्या जबान्या यांवरच भिस्त ठेवावी लागते. शेतात जाण्यास मार्गच नसेल, तर संहितेच्या कलम 143 खाली तहसीलदार स्थळपाहणी करून बांधावरून वाट देतात. असलेली वाट कोणी अडविली, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 च्या कलम 5 खाली दाद मागता येते. मात्र या दाव्यास मुदत सहा महिन्यांचीच असल्याने, गावकीत समेट होईल या भरवशावर न राहता, वाट अडताच अर्ज करावा.