पाचगणीचा बुलसारा आणि सिनेमातल्या तारखा

'बोहेमियन रॅप्सडी' बघून थेटराबाहेर पडलेल्या माणसाच्या डोक्यात फ्रेडी मर्क्युरीची एक गोष्ट पक्की बसलेली असते. बँड फुटला, फ्रेडी माफी मागून परत आला, आपल्याला एड्स झालाय हे त्याला कळलं, तालमीच्या वेळी त्याने ते मित्रांना सांगितलं, आणि मग लाइव्ह एडच्या स्टेजवर जाऊन त्याने जगाला वेड लावलं. डोळ्यांत पाणी येणारच हो! माझ्याही आलं.

फक्त यातली शेवटची गोष्ट तेवढी खरी आहे.

लाइव्ह एड झाला १३ जुलै १९८५ ला, लंडनच्या वेम्बली स्टेडियममधे. क्वीन तोवर फुटला वगैरे काही नव्हता. १९८४ मधे त्यांचा 'द वर्क्स' अल्बम आला, जानेवारी १९८५ मधे ते रिओत वाजवून आले आणि मे महिन्यात जपानमधे. एकट्याचा अल्बम काढणं हा सिनेमात केवढा मोठा विश्वासघात दाखवलाय! पण ड्रमर रॉजर टेलरने आपला स्वतंत्र अल्बम १९८१ मधेच काढला होता. आणि निदान? ते झालं १९८७ मधे. लाइव्ह एडनंतर जवळजवळ दोन वर्षांनी. बँडला त्याने सांगितलं ते त्याहूनही उशिरा.

आता सिनेमा म्हटला की थोडंफार इकडचं तिकडे होणारच. 'वी विल रॉक यू' १९७७ चं गाणं १९८० मधे, मिशीवाल्या फ्रेडीसमोर जन्माला घातलंय, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण आमच्या धंद्यात लॉगमधले टाइमस्टँप बदलले की दोष भलत्याच्याच गळ्यात पडतो, आणि इथे नेमकं तेच झालंय. निदान दोन वर्षं अलीकडे ओढल्यामुळे गोष्टीचा अर्थच फिरला. मित्रांना सोडलं, पार्ट्या केल्या, म्हणून आजार. आणि परत आला, माफी मागितली, म्हणून वेम्बली. म्हणजे पाप, शिक्षा आणि प्रायश्चित्त. भारतात सिनेमा आला नोव्हेंबर २०१८ मधे. ३७७ कलमावरचा सुप्रीम कोर्टाचा निकाल लागून तेव्हा जेमतेम दोन-अडीच महिने झाले होते. त्या दिवसांत अंधारात बसून हा सिनेमा बघणाऱ्या एखाद्या पोराने यातून काय घरी नेलं असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

दुसरी गंमत म्हणजे (गंमत कसली!) गोष्ट सुरू होते १९७० मधे, हीथ्रो विमानतळावर सामान उचलणाऱ्या पोरापासून. त्याआधीची तेवीस वर्षं जेवणाच्या टेबलावरच्या चार वाक्यांत उरकली आहेत. पाचगणीचा तर एक शॉटही नाही. आपण जिथे स्ट्रॉबेरी खायला आणि टेबललँडवर फिरायला जातो, त्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात फारुख बुलसारा आठव्या वर्षी दाखल झाला. आईवडील पारशी, आडनाव बुलसारवरून, म्हणजे आताचं वलसाड. वडील झांझिबारला ब्रिटिशांच्या नोकरीत. पोरगं तिथून समुद्र ओलांडून एकटं सह्याद्रीत. 'फ्रेडी' हे नाव शाळेतलंच, पियानो पक्का झाला तो इथेच, आणि पहिला बँडही इथलाच: 'द हेक्टिक्स', शाळकरी पोरांचा. १९६३ मधे तो झांझिबारला परतला आणि जानेवारी १९६४ मधे तिथे क्रांती झाली. सुलतान पळाला, हजारो अरब आणि भारतीय मारले गेले. बुलसारा कुटुंब जीव घेऊन लंडनजवळच्या फेल्टमला आलं. हीथ्रोवरच्या त्या पोराच्या मागे हे सगळं होतं. मग मुलाखतींत तो या वर्षांबद्दल गप्प का राहायचा, यावरच एक अख्खा सिनेमा निघाला असता. असो.

बरं, हे कुणा परक्याने अज्ञानातून केलंय म्हणावं, तर तसंही नाही. सिनेमाच्या मागे क्वीनचे मॅनेजर जिम बीच होते, ब्रायन मे आणि रॉजर टेलर होते. साशा बॅरन कोहेनला घेऊन २०१० मधे घोषणा झाली, २०१३ मधे तो बाहेर पडला. पुढे दिग्दर्शक ब्रायन सिंगरला चित्रीकरण चालू असताना काढलं आणि डेक्स्टर फ्लेचरने सिनेमा पूर्ण केला. एवढं होऊन चार ऑस्कर मिळाली! त्यातलं रामी मालेकचं शंभर टक्के कमावलेलं. वेम्बलीचा तो शेवटचा भाग मी अजूनही कधी कधी लावतो, खोटं कशाला बोलू.

पण राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. निदानानंतरचं खरं नाट्य त्यांच्या हातात आयतं होतं, ते त्यांनी पडद्यावरच्या चार ओळींत गुंडाळलं. निदान झाल्यावर हा माणूस घरी बसला नाही. १९८८ मधे ऑपेरा गायिका मोन्सेरात काबाये हिच्याबरोबर 'बार्सेलोना', १९८९ मधे 'द मिरॅकल', फेब्रुवारी १९९१ मधे 'इन्युएन्डो'. 'द शो मस्ट गो ऑन' रेकॉर्ड झालं तेव्हा त्याला धड चालवतही नव्हतं. हा सूर त्याला झेपेल का, अशी शंका ब्रायन मेला होती, आणि पठ्ठ्याने तो लावला. मे १९९१ मधे शेवटचा व्हिडिओ झाला, तोही कृष्णधवल, तब्येत कमी दिसावी म्हणून. त्याच सुमारास तो स्वित्झर्लंडमधल्या मोन्त्रोच्या स्टुडिओत जमेल तेवढं गाऊन ठेवत होता, संगीत मागाहून भरता येईल या हिशोबाने. मृत्यूला डेडलाइन मानून काम करणं म्हणतात ते हे!

२३ नोव्हेंबर १९९१ ला त्याने आजार जाहीर केला, २४ ला तो गेला. वय पंचेचाळीस. अंत्यविधी पारशी धर्मगुरूंनी केले. मोन्त्रोत सुरू केलेल्या 'मदर लव्ह' या गाण्याचं शेवटचं कडवं गायचं राहिलंच. ते ब्रायन मेने गायलंय. १९९५ च्या 'मेड इन हेवन'मधे आहे.