रामजीबाबांना विचारलेला प्रश्न आणि आपल्या मुलांची पुस्तके

६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर पुस्तकांचे स्टॉल लागतात. रेल्वेच्या जनरल डब्यातून उभ्याने आलेला माणूस पोटाला चिमटा काढून तिथे पुस्तक विकत घेतो. या गोष्टीचा आपल्याला अभिमान वाटतो आणि तो रास्तच आहे. पण त्याच माणसाच्या बोटाला धरून आलेल्या सहा वर्षांच्या मुलीसाठी आपण काय घेतो? बहुतेक वेळा निळ्या मुखपृष्ठाचे, बत्तीस पानांचे बाबासाहेबांचे चरित्र. त्यात जन्मतारीख, पदव्या, परिषदा, कायदे. ती मुलगी फोटो बघते आणि पुस्तक शोकेसमध्ये जाते. वाचनाचा संस्कार झाला असे मात्र आपण समजतो.

मुलांच्या हाती कोणत्या वयात कोणते पुस्तक द्यायचे, हा प्रश्न आपण शाळेवर, दुकानदारावर किंवा नशिबावर सोडून दिला आहे. खरे तर आपल्या इतिहासात हा प्रश्न फार आधीपासून आहे. एका शाळकरी मुलाने तो स्वतःच्या वडिलांना तोंडावर विचारला होता. त्या मुलाचे नाव भीमराव.

आमचे पुस्तक कोणते?

थोडे मागे जाऊ. १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये मुक्ता साळवे या फुले दांपत्याच्या शाळेतल्या विद्यार्थिनीचा निबंध छापून आला. वेद ही फक्त ब्राह्मणांची मालमत्ता असेल, तर आमच्याकडे धर्माचे पुस्तकच नाही हे उघड आहे, असा तिचा युक्तिवाद होता. शाळेत जाऊन जेमतेम काही वर्षे झालेली मातंग समाजातली मुलगी विचारते आहे की या पुस्तकांच्या जगात आमचे पुस्तक कोणते. हे ध्यानात ठेवा.

१८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीराव फुले यांनी शिक्षकांबरोबर क्रमिक पुस्तकांचाही विषय काढला. सरकारी वाचनमाला व्यवहारोपयोगी नाही, तिची रचना चढत्या क्रमाची नाही, ती नव्याने घडवली पाहिजे, असे त्यांनी सांगितले. आरोग्य, नीती, शेती, उपयुक्त कला यांचे धडे त्यात टप्प्याटप्प्याने यावेत, ही त्यांची मागणी होती. कोणत्या टप्प्यावर मुलाला काय द्यायचे, याचा विचार आपल्या परंपरेत तेव्हापासून आहे.

त्याच काळात मराठी बालसाहित्य आकार घेत होते. विनायक कोंडदेव ओक यांचे 'बालबोध' मासिक १८८१ साली निघाले, वासुदेव गोविंद आपटे यांचे 'आनंद' १९०६ साली. ही कामे मोठी होती. पण या पानांवरचा 'मुलगा' कोणाच्या घरातला होता? देवघर, मुंज, आजोळचा वाडा हे ज्याच्या घरी होते, तोच 'सर्वसाधारण मराठी मुलगा' ठरला. बाकीच्यांनी त्याच्या खिडकीतून आत डोकावायचे.

'श्यामची आई' घ्या. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ते लिहिले. त्यात आईच्या सांगण्यावरून श्याम एका महार म्हातारीची मोळी उचलून देतो. लिहिणाऱ्याच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका नाही. १९४७ साली पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून याच गुरुजींनी उपोषण केले. पण आपल्या वस्तीतल्या मुलाने तो प्रसंग वाचताना कोणाच्या जागी उभे राहायचे? श्यामच्या, की त्या म्हातारीच्या? तिला नाव नाही, घर नाही, नातवंडे नाहीत. ती आहे श्यामचे मन मोठे व्हावे म्हणून. समाजशास्त्राच्या वर्गात 'सांस्कृतिक भांडवल' हा शब्द शिकवतात. त्याचा अर्थ मला अशा पानांवर नीट कळतो. एका मुलाला पुस्तक उघडताच आपले घर भेटते, दुसऱ्याला आपल्यावर केलेली दया भेटते.

वडिलांचे उत्तर, मुलाचे बंड

आता भीमरावांकडे येऊ. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी बाबासाहेबांनी १९५६ साली एक प्रस्तावना लिहिली होती. ती पहिल्या आवृत्तीत छापली गेली नाही. पुढे भगवान दास यांनी ती लोकांसमोर आणली. प्रत्येक आंबेडकरी पालकाने ती वाचावी.

त्यात बाबासाहेब सांगतात की वडील मुलांना रोज रामायण-महाभारत वाचायला लावत. पुढे एका परीक्षेच्या यशाबद्दल समाजातल्या लोकांनी भीमरावांची सत्कारसभा ठरवली. पोराच्या डोक्यात हवा जाईल म्हणून रामजीबाबांनी आधी नकार दिला, तेव्हा दादा केळुसकरांनी त्यांची समजूत घातली. कृष्णराव अर्जुन केळुसकरांनी १८९८ साली गौतम बुद्धांचे मराठी चरित्र प्रसिद्ध केले होते. त्या सभेत त्यांनी आपले ते पुस्तक भीमरावांना भेट दिले.

मुलाने ते वाचले आणि त्याच्या मनात प्रश्न उभा राहिला. त्याने वडिलांना विचारले की तुम्ही आम्हाला हे साहित्य का दिले नाही? ब्राह्मण-क्षत्रियांची थोरवी आणि शूद्र-अस्पृश्यांची मानहानी सांगणारे ग्रंथच आम्ही का वाचायचे? रामजीबाबांना प्रश्न आवडला नाही. तू लहान आहेस, सांगितले तेवढे कर, अशा अर्थाचे उत्तर मिळाले. मुलगा मात्र गप्प बसला नाही. पुढे वडिलांनी खरे कारण सांगितले. आपण अस्पृश्य, मुलांच्या मनात न्यूनगंड येणे साहजिक. द्रोण, कर्ण यांसारखी साधी माणसे किती उंच गेली, वाल्मीकी कोळी असून रामायण लिहून गेला, हे वाचून तो न्यूनगंड जावा, म्हणून मी हे वाचायला लावतो.

मुलाचे समाधान झाले नाही. भीष्म, द्रोण, कृष्ण यांच्यापैकी कोणीच आपल्याला पटत नाही, असे त्याने कारणांसह सांगितले. वडील गप्प राहिले. घरात बंड झाले आहे, हे त्यांनी ओळखले.

या प्रसंगातून तीन गोष्टी हाती लागतात.

पहिली, रामजीबाबांची निवड आंधळी नव्हती. मुलांच्या मनातला कमीपणा जावा, हा त्यांचा निकष होता आणि तो आजही शंभर टक्के खरा आहे. त्यांच्या काळात त्या निकषाला उतरणारी पुस्तके हाताशी नव्हती, म्हणून त्यांनी असलेल्यातून वाट काढली. आपल्याकडे आज ती सबब नाही.

दुसरी, योग्य वेळी आलेल्या एका नव्या पुस्तकाने काम केले आणि ते घराबाहेरच्या माणसाने आणले. घर पुरे पडत नाही तिथे चळवळीने केळुसकर गुरुजी व्हायचे असते. १९२४ साली स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेच्या उद्दिष्टांत वसतिगृहांबरोबर वाचनालये आणि अभ्यासवर्गही होते, ते उगाच नव्हे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. बाबासाहेब म्हणतात की आपण रिकाम्या डोक्याने बुद्धाकडे गेलो नाही. आधीचे वाचन होते म्हणून तुलना करता आली. म्हणजे महाभारत वाचल्याने भीमराव बिघडले नाहीत. महाभारताशेजारी दुसरे पुस्तक आले, म्हणून ते विचार करू लागले.

यावरून पुस्तक निवडण्याची माझी कसोटी ठरते. या पुस्तकाने मुलाचा कमीपणा जाईल का? आणि या पुस्तकाने मूल प्रश्न विचारील का? मुखपृष्ठावर कोणाचा फोटो आहे, हे त्यानंतर बघायचे.

कोणत्या वयाला काय?

सहा वर्षांच्या आतल्या मुलांना चित्रांची पुस्तके द्या, मांडीवर घेऊन वाचा. इथे उपदेश नको, अत्याचार नको, चरित्रही नको. चित्रातली मुलगी सावळी असू दे, घर पत्र्याचे असू दे, आई कामावर जाणारी असू दे, आणि तरी गोष्ट मजेची असू दे. आपले घर पुस्तकात येण्याजोगे आहे, एवढे या वयात कळले तरी पुष्कळ. भोपाळच्या 'मुस्कान' संस्थेचे 'पायल खो गई' हे हिंदी पुस्तक वस्तीतल्या मुलांचे जग असेच दयेशिवाय मांडते. अशी पुस्तके आपल्या बोलीत सांगत वाचली तरी चालतात.

सहा ते नऊ या वयात गोष्ट हवी आणि न्याय-अन्याय कळायला लागतो. बुद्धाच्या गोष्टी इथे द्याव्यात. सिद्धार्थ आणि देवदत्त यांच्यातला हंस कोणाचा, मारणाऱ्याचा की वाचवणाऱ्याचा, हा वाद या वयाच्या मुलांना घरच्यासारखा वाटतो. पण नवे बुद्धचरित्र घेताना एक पान उघडून बघा. सिद्धार्थाने घर का सोडले? म्हातारा, आजारी, प्रेत आणि संन्यासी दिसला म्हणून, असे लिहिले असेल तर थांबा. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा पाहिलाच नव्हता, हे बुद्धीला पटत नाही, म्हणून बाबासाहेबांनी ती कथा नाकारली. त्यांनी रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य-कोलीयांमध्ये पेटलेला तंटा आणि युद्धाला सिद्धार्थाने केलेला विरोध मांडला. जुनी कथा सांगते की दुःख बघून माणूस पळाला. बाबासाहेब सांगतात की युद्धाला विरोध करून त्याने देशत्याग पत्करला. जातककथांच्या चित्रपुस्तकांतही 'मागल्या जन्मी' हा भाग येतो. ती गोष्ट म्हणूनच सांगा, पुनर्जन्माचा पुरावा म्हणून नको.

नऊ ते बारा हे इतिहासात शिरण्याचे वय. बाबासाहेबांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या छोट्या आठवणींतला गोरेगावचा प्रवास याच वयाचा आहे. नवे कपडे, जरीच्या टोप्या घालून भावंडे पहिल्यांदा आगगाडीने वडिलांकडे निघतात. मसूर स्टेशनावर जात कळताच गाडीवाले नकार देतात. दुप्पट भाड्यावर, तेही मुलांनी स्वतः गाडी हाकायची या अटीवर, एक जण तयार होतो. बरोबर जेवण असते, पण रात्रभर पाणी मिळत नाही. यात रक्त नाही, पण वाचणारे मूल त्या तहानेत आपोआप सामील होते. याच वयात श्रमाची प्रतिष्ठाही कळावी. कांचा इलैया यांचे 'टर्निंग द पॉट, टिलिंग द लँड' हे २००७ सालचे इंग्रजी पुस्तक कुंभार, चर्मकार, धोबी, न्हावी यांच्या कामातले शास्त्र मुलांना समजेल असे सांगते. त्यातली चित्रे दुर्गाबाई व्याम यांची आहेत. त्यांनी आणि सुभाष व्याम यांनी चितारलेले 'भीमायन' (२०११) अकरा-बारा वर्षांच्या मुलाला पुन्हापुन्हा बघावेसे वाटते. इंग्रजी येणाऱ्या ताई-दादांनी संध्याकाळी बसून ती मराठीत सांगावीत. एकलव्याची गोष्टही याच वयात, पण अंगठा मागणाऱ्याबद्दल तुला काय वाटते, हे विचारूनच.

तेरानंतर आत्मकथने. पण तिथेही क्रम हवा. प्र. ई. सोनकांबळे यांचे 'आठवणींचे पक्षी' हे पोरक्या मुलाच्या शिक्षणाची कथा आहे. शांताबाई कांबळे यांच्या 'माज्या जल्माची चित्तरकथा'मधली नाजुका पुढे शिक्षिका होते. ही आधी द्या. मुक्ता साळवेचा निबंध मोठ्याने वाचून घ्या, कारण ती वाचणाऱ्यांच्याच वयाची होती. 'बलुतं', 'अक्करमाशी', बाबूराव बागुलांच्या कथा सोळा-सतरानंतर. ती पुस्तके आपली आहेत म्हणून बाराव्या वर्षी हातात ठेवली, तर मूल जखम बघते आणि ती करणारी व्यवस्था त्याला दिसत नाही.

दोन आक्षेप

काही कार्यकर्ते म्हणतील की मुलांना फक्त आपलीच पुस्तके द्या. त्यांना भीमरावांची तुलना आठवून द्यावी. एकच पुस्तक वाचलेले मूल भक्त होते, मग ते पुस्तक कोणतेही असो.

दुसरीकडे सुशिक्षित मंडळी म्हणतात की लहान मुलांत जातीचा विषय कशाला? जात त्यांच्या पुस्तकांत आधीपासून आहे. फक्त ती नावांत, आडनावांत, सणांत, कोण हुकूम सोडतो आणि कोण भांडी घासतो यात आहे, म्हणून त्यांना दिसत नाही.

शेवटी पैशाचा मुद्दा. वस्तीतल्या अभ्यासिकांना मिळतात ती इतरांनी काढून टाकलेली पुस्तके. गोण्या उघडल्या की जुने गाइड, पाने सुटलेले पंचतंत्र, कोणाचे तरी नाव खोडलेले शब्दकोश निघतात. देणाऱ्याचा हेतू चांगला असेल, पण उतरलेल्या कपड्यांचा इतिहास आपल्याला ठाऊक आहे. रामजीबाबांनी मुलाला हवे ते पुस्तक आणण्यासाठी लग्न झालेल्या मुलींकडून पैसे घेतले, प्रसंगी त्यांचे दागिने गहाण ठेवले. परळच्या चाळीतल्या एका खोलीत राहणाऱ्या निवृत्त सुभेदाराने हे केले. आपल्या जयंतीच्या वर्गणीत डीजेसाठी जेवढे जातात, त्याच्या दहाव्या हिश्श्यात एका अभ्यासिकेचे बालवाचनाचे कपाट कोऱ्या करकरीत पुस्तकांनी भरते.

मित्रांनो, येत्या जयंतीच्या बैठकीत हा विषय अजेंड्यावर घ्या. चार जणांनी पुस्तके आधी स्वतः वाचा, वयाप्रमाणे कप्पे लावा, मग खरेदी करा. आणि एखाद्या मुलाने तुम्हाला तोंडावर विचारले की हे पुस्तक मी का वाचायचे, तर 'बाबासाहेबांचे आहे म्हणून' एवढेच सांगून त्याला गप्प बसवू नका. रामजीबाबांनी उशिरा का होईना, मुलाला कारण सांगितले होते.

जयभीम!