करडाची पाळी

बुळकांडीची साथ गावाच्या शिवेला येऊन भिडली म्हणजे गावाने काय करावयाचे, याचा शिरस्ता आमच्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या ठरून गेलेला होता. पोतराजाला बोलावणे धाडावयाचे, घरोघरचा नैवेद्य गोळा करावयाचा आणि मरीआईचा गाडा वाजतगाजत हद्दीबाहेर नेऊन सोडावयाचा. आणि या विधीत जो जीव द्यावयाचा तो बहुधा बोकडाचा असे. बैल वाचावा म्हणून बोकड जाई. या व्यवहारात कोणाला काही विपरीत वाटत नसे, कारण बैल मेला की पेरणी बुडे, पेरणी बुडाली की जमाबंदीचा हप्ता तुंबे, आणि हप्ता तुंबला म्हणजे कचेरीचा शिपाई दारात उभा राही. शेळी मेली तर तिचे दुःख ज्या घरची ती असे त्या घराच्या चुलीपाशीच विझून जाई.

सरकारदरबारी जनावरांच्या रोगांची दखल घेतली जाऊ लागली तीही याच हिशेबाने. पुण्यात १८६२ साली लष्करी पशुवैद्यकाची शाळा निघाली, तिच्यामागे पलटणीच्या घोड्यांची चिंता होती. पुढे गुरांच्या साथींची चौकशी करण्यासाठी हॅलनसाहेबांच्या अध्यक्षतेखाली जे कमिशन नेमले गेले आणि ज्याचा अहवाल १८७१ साली सादर झाला, त्याच्या चिंतेचा विषय प्रामुख्याने नांगराचा आणि गाडीचा बैल हा होता. या चौकशीची परिणती होऊन १८८९ च्या डिसेंबरात पुण्याच्याच विज्ञान महाविद्यालयात डॉ. लिंगार्ड यांच्या हाताखाली इंपीरियल बॅक्टीरिऑलॉजिकल लॅबोरेटरी उघडली. परंतु जिवंत रोगबीजे भर वस्तीत बाळगणे धोक्याचे, आणि पुण्याचा उन्हाळाही या कामाला प्रतिकूल, म्हणून १८९३ साली हा सारा पसारा कुमाऊँतील मुक्तेश्वर या साडेसात हजार फूट उंचीवरील, देवदारांच्या रानाने वेढलेल्या, निर्जन डोंगरावर हलविण्यात आला. १८९७ साली रॉबर्ट कॉख तेथे येऊन गेले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. पुण्याने ती संस्था गमावली याची हळहळ मला वाटते. पण डोंगराची निवड योग्यच होती.

या डोंगरावर जे घडले त्यात शेळीचा वाटा केवढा होता, हे जितके सांगितले जावे तितके सांगितले जात नाही. त्या काळी बुळकांडीपासून बैलाला वाचवावयाचे म्हणजे त्याच्या अंगात एका बाजूने प्रत्यक्ष रोगाचे रक्त आणि दुसऱ्या बाजूने बऱ्या झालेल्या जनावराची रक्तलस घालावयाची, आणि दोहोंचा तोल सांभाळला जावा अशी प्रार्थना करावयाची, अशी रीत होती. यातील अडचण अशी की, बैलाच्या त्या रक्ताबरोबर गोचिडतापासारखे दुसरे रोगही निरोगी जनावरात जाऊन बसत. तो दोष टाळावा म्हणून १९२० नंतरच्या दशकात जे. टी. एडवर्ड्स यांनी बुळकांडीचा विषाणू बैलाऐवजी शेळीत वाढवावयास घेतला. एका शेळीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत, असे शेकडो शेळ्यांच्या देहांतून त्याचे संक्रमण चालू राहिले, आणि होता होता असे आढळून आले की शेळीला सरावलेला तो विषाणू बैलाला ठार मारण्याचे विसरला आहे, मात्र बैलाच्या शरीराला आपली ओळख करून देण्याचे विसरलेला नाही. एकदा टोचले की संरक्षण वर्षानुवर्षे टिके. मग शेळ्यांना मुद्दाम लागण करावयाची, ज्वर शिगेला पोचला की त्यांना मारून प्लीहा काढावयाची, ती वाटून, पुढे पुढे सुकवून, कुप्यांत भरावयाची आणि त्या कुप्या मुलखात दूरवर पोचत्या करावयाच्या, असा क्रम सुरू झाला. देवीपुढे जे शीर दिले जाई त्याच्या जागी आता प्रयोगशाळेत प्लीहा दिली जाऊ लागली. फरक एवढाच, आणि तो फार मोठा, की या खेपेस बैल खरोखरीच वाचत होता.

‘लस’ हा शब्दही मला येथे विचार करावयास लावतो. जखमेतून पाझरणारे पातळ पाणी, एवढाच त्याचा आमच्या घराघरांतील अर्थ होता. १८०२ च्या जूनमध्ये मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला गोस्तनदेवीची लस टोचली गेली, तेव्हापासून हाच घरगुती शब्द हळूहळू औषधाच्या पदवीला चढला. टोचणीला लोक कितीतरी पिढ्या ‘देवी काढणे’ म्हणत राहिले. फोडातल्या पाण्याचा हा शब्द शेळीच्या प्लीहेच्या भुकटीलाही तितक्याच सहजतेने लागू झाला.

स्वातंत्र्यानंतर १९५४ साली बुळकांडीच्या निर्मूलनाची देशव्यापी मोहीम हाती घेण्यात आली ती याच शेळीच्या लसीच्या बळावर, आणि दर शंभरांतील ऐंशी गुरांना टोचावे असा तिचा संकल्प होता. पुढे प्लाउराइट यांनी केनियात पेशींवर वाढविलेली लस आली आणि शेळ्यांचा तो संहार थांबला. २००६ साली भारत, आणि २०११ साली सारे जग बुळकांडीतून मुक्त झाल्याचे जाहीर झाले. देवीनंतर पृथ्वीवरून नाहीसा झालेला हा दुसराच रोग.

आणि शेळी? करडे जशी मरत होती तशी मरतच होती. डोळ्यांना चिपडे, नाकाला शेंबूड, तोंडात फोड आणि मग हगवण, अशा क्रमाने कळपच्या कळप झोपत, आणि त्याला ‘शेळ्यांची बुळकांडी’ म्हणून दप्तर मिटले जाई. वस्तुतः हा बुळकांडीचा चुलतभाऊ असा निराळा रोग. आफ्रिकेतील आयव्हरी कोस्टमध्ये तो १९४२ सालीच ओळखला गेला होता. आपल्याकडे त्याची खूण पटली ती १९८७ साली तामिळनाडूतील अरसूर गावी. दवाखान्यांत त्याला ‘पीपीआर’ म्हणतात. हिमाचलातील सुंगरी येथील शेळीपासून मिळालेला त्याचा विषाणू निर्बल करून जी लस सिद्ध झाली ती त्याच मुक्तेश्वरी. ज्या डोंगरावर बैलासाठी शेळ्यांचे देह वेचले गेले, त्याच डोंगरावर करडासाठी पहिल्याने कुपी भरली गेली. मधे सत्तरएक वर्षे गेली. ज्या घराला दोन एकर कोरडवाहू आणि चार उस्मानाबादी शेळ्या एवढाच आधार आहे, त्या घराच्या दृष्टीने ही सत्तर वर्षे फार होतात. शेळीला ‘गरिबाची गाय’ म्हणण्यात आपण कधी कसूर केली नाही. तिला गायीची पाळी देण्यात मात्र केली, हे मला स्वच्छ म्हटले पाहिजे.

बालाघाटाच्या कुशीत अशाच एका वस्तीवर मी ही टोचणी पाहिली. रोहिण्या निघाल्या होत्या. पाऊस पडून कोवळे गवत उगवले की हावऱ्यासारखे चरून, कळपातले सर्वांत धष्टपुष्ट करडूच आंत्रविषाराने एका रात्रीत आडवे होते. त्याची टोचणी वैशाखात उरकली होती, आज पीपीआरची होती. डॉक्टरांनी बर्फाच्या पेटीतून कुपी काढली, थंडगार द्रावण आत सोडून हलविली, आणि उन्हाने ती नासू नये म्हणून झाडाच्या सावलीतही ती ओल्या फडक्याखाली ठेवली. घरधनीण डालगे उचलून एकेक करडू काढी, गुडघ्यांत धरी. डॉक्टर मानेच्या कडेची कातडी चिमटीत उचलीत आणि सुई आत जाई. करडू ओरडे ते सुईपेक्षा धरल्यामुळेच अधिक, आणि सोडताच आईच्या कासेला ढुशी देई.

“ही शिमग्याची जुळी,” ती म्हणाली, “अन् ही रामनवमीची.”

रामनवमीची पाट डॉक्टरांनी बाजूला काढली. चिकातून आईचे जे संरक्षण करडाला मिळते ते तीनचार महिने अंगात राहते, आणि ते असेतो लसच निष्फळ करून टाकते, हे त्यांनी तिला समजावून सांगितले.

“मग ही राहिली की, डॉक्टर.”

“राहिली नाही, मावशी. आषाढी झाली की हिच्यासाठी पुन्हा येतो.”

तिने मान हलविली, पाट डालग्याखाली घातली आणि वर दगड ठेवला.