चार्ल्स कोरिया : मोकळ्या आकाशाचे वास्तुशिल्पी

स्वातंत्र्योत्तर भारतातील आधुनिक वास्तुकलेच्या अग्रणींमध्ये चार्ल्स मार्क कोरिया (१ सप्टेंबर १९३० – १६ जून २०१५) यांची गणना होते. मूळच्या गोमंतकीय कुटुंबात, सिकंदराबाद येथे त्यांचा जन्म झाला. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयानंतर अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठ आणि मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे त्यांनी वास्तुकलेचे शिक्षण घेतले. १९५८ साली मुंबईत त्यांनी स्वतंत्र व्यवसाय सुरू केला.

उष्ण प्रदेशात अंगण, ओसरी आणि गच्ची याही राहण्याच्याच जागा असतात, हा त्यांच्या विचाराचा गाभा होता. अहमदाबादच्या साबरमती आश्रमातील गांधी स्मारक संग्रहालयात (१९६३) त्यांनी विटांचे खांब, कौलारू छप्पर आणि काचेऐवजी लाकडी झडपा योजल्या. मुंबईत समुद्राचा वारा पश्चिमेकडून येतो; पण दुपारचे ऊन आणि पावसाचा मारा तिकडूनच होतो. ‘कांचनजुंगा’ या २८ मजली इमारतीत (१९८३) कोपऱ्यांत दुमजली उंचीच्या खोल गच्च्या ठेवून त्यांनी ही अडचण सोडवली.

श्रीमंतांच्या सदनिकांपुरतेच त्यांचे काम मर्यादित राहिले नाही. १९६०च्या दशकात प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांच्यासह त्यांनी खाडीपलीकडे नवी मुंबई वसवण्याची कल्पना मांडली. पुढे सिडकोचे मुख्य वास्तुरचनाकार म्हणून त्यांनी काम पाहिले. बेलापूर येथील वसाहतीत सात-सात घरे एका चौकाभोवती मांडली गेली. शेजारच्या घराशी भिंत सामाईक नसल्याने प्रत्येक कुटुंबाला ऐपतीप्रमाणे घर वाढवता यावे, अशी ही योजना होती.

भोपाळचे भारत भवन व विधान भवन, जयपूरचे जवाहर कला केंद्र, पुण्यातील ‘आयुका’ आणि लिस्बनमधील शांपालिमो केंद्र या त्यांच्या अन्य ख्यातनाम वास्तू. पद्मश्री (१९७२), ब्रिटनच्या वास्तुविशारद संस्थेचे रॉयल सुवर्णपदक (१९८४) आणि पद्मविभूषण (२००६) हे सन्मान त्यांना लाभले. १९८५ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय नागरीकरण आयोगाचे ते अध्यक्ष होते.

गोव्यात दोनापावल येथील ‘सिदाद द गोवा’ हॉटेल आणि पणजीतील कला अकादमी या त्यांच्या प्रमुख कृती होत. मांडवीतीरावरील अकादमीची वास्तू मुद्दाम ठेंगणी ठेवलेली आहे. रस्त्यावरून येणारा माणूस छपराखालच्या मोकळ्या जागेतून थेट नदीकाठी पोहोचतो. तिकीट काढून नाटकाला आलेला रसिक आणि सहज फिरायला आलेला नागरिक या दोघांनाही ती सारखीच आपली वाटावी, यासाठी ही रचना होती. नूतनीकरण सुरू असताना जुलै २०२३ मध्ये खुल्या रंगमंचावरील छताचा भाग कोसळला आणि या वारशाच्या जपणुकीचा प्रश्न ऐरणीवर आला. येथे केवळ स्लॅब आणि भिंती टिकवून भागणार नाही. रस्ता आणि नदी यांना जोडणारी ही मोकळी वाट खुली राहिली, तरच कोरियांची कला अकादमी खऱ्या अर्थाने टिकेल.