हाब्सबर्ग साम्राज्याचा ऱ्हास

हाब्सबर्ग हे ऑस्ट्रियावर १२८२ ते १९१८ या काळात राज्य करणारे युरोपातील राजघराणे होय. युद्धांपेक्षा विवाहसंबंध व वारसाहक्क यांतून वाढलेल्या या राज्यात जर्मन, मग्यार, चेक, पोलिश, क्रोएशियन असे अनेक भाषिक समाज होते. त्यांना जोडणारा मुख्य दुवा म्हणजे स्वतः सम्राट. एकोणिसाव्या शतकात राष्ट्रवाद बळावताच तो अपुरा पडू लागला.

१८४९ मध्ये मग्यारांचा उठाव मोडण्यासाठी रशियन सैन्याची मदत घ्यावी लागली. १८५९ मध्ये लोंबार्डी गेला. १८६६ मध्ये प्रशियाने पराभव केल्यावर व्हेनेशिया आणि जर्मन राज्यांतील वर्चस्वही गेले. १८६७ च्या तडजोडीने ऑस्ट्रिया-हंगेरी हे दुहेरी राज्य स्थापन झाले. ही तडजोड सोयीची होती, दूरदृष्टीची नव्हे. जवळजवळ निम्मी असलेली स्लाव्ह प्रजा तीत वगळली गेली, आणि पुढे तिला वाटा देण्यास मग्यार सत्ताधाऱ्यांचा सतत विरोध राहिला.

६८ वर्षे राज्य केलेला फ्रान्झ योझेफ १९१६ मध्ये, ऐन महायुद्धात, मरण पावला. त्याचा वारस कार्ल याने १६ ऑक्टोबर १९१८ रोजी संघराज्याची घोषणा केली, पण तीतूनही हंगेरी वगळलेला होता. बाराच दिवसांनी प्रागमध्ये स्वातंत्र्य जाहीर झाले. ११ नोव्हेंबरला कार्लने राज्यकारभारातून अंग काढून घेतले. त्या पत्रात ‘राजत्याग’ हा शब्द मात्र त्याने येऊ दिला नाही. १९२१ मध्ये हंगेरीचे सिंहासन परत मिळवण्याचे त्याचे दोन प्रयत्न फसले. १ एप्रिल १९२२ रोजी मदेइरा बेटावर हद्दपारीत त्याचा मृत्यू झाला.